रविवारची सवत

परवा फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघांनी आजोबांना गाडी पुसताना पाहिलंत आणि पोट धरून हसलात. उन्हातली गाडी त्यांनी आधी ढकलत सावलीत नेली, बॉनेटवर तळहात ठेवून ते निवलं का ते पाहिलं, एवढ्याशा जागेवर मेण लावलं आणि मग हाताची घडी घालून नुसते उभे राहिले. "आजोबा कशाची वाट बघतायत?" असं धाकट्याने विचारलं. मेणावर धुकं धरायची. ते धरलं की पुसायचं, त्याआधी नाही. हे त्यांना कुणी शिकवलं म्हणून तुम्ही आईला विचारलंत, तर ती म्हणाली, "सुरतेच्या होडीवाल्या बेननी. आजीला विचारा." आणि आजोबा मागून इतक्या हळव्या आवाजात म्हणाले, "काय बाई होती!" की मी फोन त्यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेले.

तर ती काय बाई होती, ते मीच लिहिते. आजोबांना विचारलंत तर ते तिच्याबद्दल दोन वाक्यं सांगतील आणि मग संध्याकाळपर्यंत होडीबद्दल बोलतील.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आजोबांना हजिऱ्याच्या एका कारखान्यात चांगली नोकरी मिळाली. मी पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई कॉलेजात होती, होस्टेलवर राहायची. सगळे म्हणाले, त्यांना एकट्यांना जाऊ दे, तू शाळा सोडू नकोस. मी सोडली. नवराबायकोने एका गावात राहावं, एवढंच माझं म्हणणं होतं. सुरतेत गेल्यावर कळलं की कारखान्याची बस त्यांना उजाडता उजाडता घेऊन जाते आणि दिवेलागणीनंतर आणून सोडते. जेवण झालं की ते खुर्चीतच पेंगायचे. राहता राहिला रविवार. म्हणजे मी शाळा सोडली ती रविवारसाठी, असं म्हटलं तरी चालेल. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

आम्ही रांदेरला राहत होतो, तापीच्या ओवाऱ्यापासून दोन गल्ल्या आत. ओवारा म्हणजे नदीचा दगडी घाट. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण एकटी. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या सुरतेत गेलेल्या. शेजारचे गुजराती त्यांना 'दक्षिणी' म्हणत आणि मला त्यांचं निम्मं मराठी कळत नसे. गल्ली त्यांना 'होडीवाली बेन' म्हणायची. आम्हीही बेनच म्हणू लागलो.

उंच, खांद्यांनी रुंद, साठीची बाई. फुलाफुलांची पोलिएस्टरची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेला. तोंडात कायम शिवी. सुरतेत शिवीला कुणी शिवी मानत नाही. मी इंग्रजीची मास्तरीण, मला ती विरामचिन्हासारखी वाटायची. श्वास घ्यायच्या जागी स्वल्पविराम, वाक्य संपलं की पूर्णविराम. त्यातली सर्वांत सौम्य 'मूआ', म्हणजे आपलं 'मेल्या'. बाकीच्या इथे लिहीत नाही. त्या आजोबांना पाठ आहेत.

घर भाड्याने देतानाच त्यांनी मला नियम सांगितला होता. नळाला कॉर्पोरेशनचं गोडं पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. उरलेला दिवस बोअरिंगचं खारट पाणी.

"गोडं पाणी तुम्हाला प्यायला आणि होडीला आंघोळीला. तुम्ही बोअरिंगने न्हा ने, मास्तरण."

"आम्ही खाऱ्या पाण्याने अंघोळ करायची आणि होडीने गोड्या?"

"माणसाची चामडी रोज नवी येते. तिची येत नाही."

ती होडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली, जुन्या टायरांवर टेकवून ठेवलेली असायची. दुधासारखी पांढरी, कडेने निळा पट्टा. बेनच्या यजमानांचा कामरेजच्या बाजूला फायबरग्लासचा छोटा कारखाना होता. पाण्याच्या टाक्या, छपराचे पत्रे असलं काहीबाही तिथे व्हायचं. त्यांनी हौसेने स्वतःच्या हाताने साचा करून ही एकच होडी ओतली होती. ते जाऊन काही वर्षं झाली होती. कारखाना विकला, होडी राहिली. शेडच्या चारी बाजूंना गोणपाटाचे पडदे होते. सूर्य जसा फिरेल तसा बेन एक पडदा सोडायच्या आणि एक गुंडाळायच्या. स्वतःच्या खिडक्यांना पडदे नव्हते.

आजोबा तिथे कसे अडकले, तर पाण्याच्या पंपामुळे. पंप बिघडला म्हणून एका रविवारी खाली गेले. मी वर पोहे करून ठेवले, लिंबाची फोड, खोबरं, सगळं नीट. ते आले नाहीत. खिडकीतून पाहिलं तर पंप बाजूलाच पडलेला आणि आजोबा होडीच्या पोटाला तळहात लावून उभे.

"बघ एंजिनियर, हाताला काय लागलं?" बेन विचारत होत्या.

"पांढरी भुकटी."

"उन्हाने चामडी करपते, मग अशी राख सुटते. काय करशील?"

"रबिंग कंपाऊंड मारू. वरचा थर निघाला की आतून चकाकी येईल."

"मूआ! दर वर्षी रबिंग मारशील तर चामडी उरेल किती? कागदाएवढी तर आहे! आधी गोड्या पाण्याने धू. साबण पातळ, कपड्याचा नाही, कपड्याचा साबण मेण खाऊन टाकतो. मग पूस. मग सावलीत मेण. जोर नको लावू, हात फिरव. जोर गाढवाकडे पण असतो."

तुमच्या आजोबांनी लग्न झाल्यापासून स्वतःची चहाची बशी कधी विसळलेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ती होडी नाकापासून शेपटापर्यंत विसळली. वर आले तेव्हा पोहे गारढोण झाले होते आणि त्यांनी खाली बेनबरोबर लोचो, म्हणजे सुरतेचा लुसलुशीत ढोकळा, खाल्ला होता. वर म्हणाले, "अगं, पाणी कसं मोत्यासारखं उभं राहतं त्या मेणावर! ये ना बघायला."

मी गेले नाही.

पुढचा रविवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. शनिवारी रात्री जेवताना त्यांचा चेहरा उजळायला लागला की मला कळायचं, उद्याची आठवण आली. माझ्या साडीचा रंग त्यांना संध्याकाळी आठवत नसे, पण होडीच्या निळ्या पट्ट्यावर उजवीकडे ऊन जास्त लागतं म्हणून तो फिका पडतोय, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. अंगाला मेणाचा वास यायचा. दुसऱ्या बाईच्या अत्तराचा वास आला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. साठीची बाई आणि टायरांवर बसलेली होडी. भांडायचं कुणाशी?

एकच गोष्ट मला खिडकीतून दिसायची आणि माझ्या शिस्तीच्या डोळ्यांना खुपायची. सगळी होडी आरशासारखी, पण डाव्या अंगाला मागच्या बाजूला पाटाएवढा तुकडा मंद, खडूसारखा. बेन सगळीकडे मेण लावत यायच्या आणि तिथे थांबायच्या. आजोबांचा हात तिकडे गेला की म्हणायच्या, "ते राहू दे." का, ते सांगत नसत. आजोबांना त्या तुकड्याने पछाडलं होतं. जेवताना मध्येच म्हणायचे, "हलकंसं रबिंग आणि मऊ कापड, बास. अर्ध्या तासाचं काम आहे."

होडी वर्षातून एकदाच पाण्यात जायची. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदी पडवो असतो. त्या दिवशी सगळं गाव घारी आणि भुसू खातं, तुपात माखलेली गोड घारी आणि तिच्यावर तिखट फरसाण. लोक गच्च्यांवर, रस्त्याकडेला, नदीकाठी चटया टाकून बसतात. बेन त्या संध्याकाळी, भरतीचं पाणी चढलं की, हातलारीवरून होडी ओवाऱ्यावर नेत आणि तापीत एक फेरी मारून परत आणत. तेवढ्यासाठी वर्षभराचं मेण.

पहिल्या वर्षी मी चांगली साडी नेसले, घारीचा डबा घेतला आणि ओवाऱ्यावर गेले. होडीत तिघांना जागा होती. मी पाय टाकणार तेवढ्यात बेननी माझा हात धरला आणि माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"एवढ्या बांगड्या! काठावर हात ठेवशील ने ओरखडे पाडशील. तू इथे बस, मास्तरण. घारी सांभाळ."

मी आजोबांकडे पाहिलं. ते वल्हं हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "खरंय गं. काचेची बांगडी मेणावर फार वाईट."

ते दोघं गेले. मी घारी सांभाळली. शेजारच्या चटईवरच्या एका बाईने मला विचारलं, "तुमच्या सासूबाई का त्या?" मी हो म्हणून टाकलं. खरं उत्तर द्यायला माझ्याकडे शब्दच नव्हता.

आता लुगड्याची गोष्ट.

होळी होऊन गेली होती. एका रविवारी बेन नवसारीला कुणाच्या तरी लग्नाला गेल्या. शेडचे पडदे बांधलेले, अंगण रिकामं. मला वाटलं, हा रविवार माझा. मी सांज्याच्या पोळ्यांचा घाट घातला. संध्याकाळी डुमसला समुद्रावर जायचं, असं आदल्या दिवशी ठरवूनही टाकलं होतं. आजोबा "हो हो" म्हणाले होते. मी कणीक तिंबत असताना ते म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो," आणि गेले. थोड्या वेळाने मला जळकट वास आला.

वास खोलीतून येत होता. खिडकीत बशी होती आणि बशीत जळलेले धागे. सुरतेच्या कापडबाजारात ही पद्धत आहे. धागा काडीने पेटवायचा. पोलिएस्टर असेल तर वितळून काळी टणक गोळी होते, सूत असेल तर बोटाने चुरडणारी राख. बशीत काळ्या गोळ्यांची रांग होती आणि शेवटी चिमूटभर राख. त्यांनी घरातलं एकेक कापड तपासलं होतं. सुरतेला आल्यापासून मी जे जे घेतलं, ते सगळं पोलिएस्टर. स्वस्त, इस्त्री नको, लगेच वाळतं. अख्ख्या देशाला कापड पुरवणाऱ्या गावात आमच्या घरात पुसायला एक सुती फडकं नव्हतं. शेवटी त्यांनी माझी पत्र्याची ट्रंक उघडली होती. त्यात कडुलिंबाच्या पाल्यात माझ्या आईचं लुगडं होतं. हिरवं, रुईफुलीच्या काठाचं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. तुमच्या आईचं लग्न होईल, पुढेमागे बाळ होईल, त्याच्या गोधडीसाठी मी ते जपून ठेवलं होतं. चिमूटभर राख त्याची होती.

मी तशीच कणकेच्या हातांनी खाली गेले. शेडच्या पायरीवर लुगड्याचा काठ गुंडाळी करून नीट ठेवलेला होता. काठाचं जाड सूत होडीला ओरखडतं, म्हणून त्यांनी तो आधी कापून काढला होता. आजोबा डाव्या अंगाला उकिडवे बसून त्या मंद तुकड्यावर हिरवं फडकं गोल गोल फिरवत होते आणि शीळ घालत होते. तुकडा मंद राहिलाच नव्हता.

"आलीस? बघ!" ते म्हणाले. "आता कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, सांगून दाखव. बेन आल्या की बघतच राहतील."

"हे फडकं कुठून आणलंत?"

"ट्रंकेतून. जुनं होतं गं, पार विरलेलं. पण राख बघितलीस का? शुद्ध सूत!"

"माझ्या आईचं लुगडं आहे ते."

त्यांचा हात थांबला. त्यांनी फडक्याकडे असं पाहिलं, जणू ते कुणीतरी आत्ताच त्यांच्या हातात आणून दिलंय. मी तोंड उघडणार तोच फाटकाशी रिक्षा थांबली. बेन उतरल्या. रेशमी साडी, हातात लग्नाच्या मिठाईचा पुडा. त्यांना शेडचा पडदा वर केलेला दिसला आणि त्या सरळ आत आल्या.

त्यांनी पुडा खाली ठेवला. त्या तुकड्यावर तळहात ठेवला. तो सर्रकन घसरला. मग पुन्हा ठेवला.

मी शिवीची वाट पाहत होते. ती आली नाही, आणि मला पहिल्यांदाच त्या बाईची भीती वाटली.

"कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आजोबा म्हणाले. "तुम्हाला आनंद होईल म्हणून..."

बेन पायरीवर बसल्या. "त्या दिवशी तो इथवर आला होता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "मी जेवायला हाक मारली. म्हणाला, एवढंच राहिलंय, जेवून करतो. पाटावर बसला ने बसलाच. उठलाच नाही. एवढंच राहिलं होतं, एंजिनियर. त्याचं काम होतं ते. मी रोज बघायची, वाटायचं, जेवायला गेलाय."

आजोबा उभे होते. फडकं अजून हातातच होतं.

मग बेनचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. कणकेने बरबटलेल्या मुठीत मी काठाची गुंडाळी धरली होती.

"तुला काय झालं, मास्तरण? तू का रडतेस?"

"हे माझ्या आईचं लुगडं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आणि तेव्हा ती शिवी आली. समोरच्या घरातलं माणूस बाहेर येऊन उभं राहिलं. "गाढवा!" बेन शेवटी म्हणाल्या. "एका फडक्याने दोन बायकांची घरं पुसलीस!"

त्यानंतर आजोबांना खालून हाक येईना. रविवार मला परत मिळाले, सबंधच्या सबंध. पोहे गरम खाल्ले जाऊ लागले. आम्ही डुमसला गेलो, भजी खाल्ली. समुद्रात एक मच्छीमाराची होडी दिसली, लाकडी, डांबर फासलेली. तिच्याकडे पाहून त्यांनी असा उसासा टाकला की मी भज्यांचा कागद चुरगळून टाकला. घरी ते वर्तमानपत्र घेऊन खिडकीत बसायचे आणि त्यांचं पान उलटलं जात नसे. माणूस समोर बसलेला आणि त्याचं मन खाली अंगणात. पूर्वी निदान दोन्ही एकाच ठिकाणी तरी असायची.

एका दुपारी ते खिडकीतूनच ओरडले, "अगं, हे काय करतायत बेन!"

मी पाहिलं. बेननी त्या तुकड्यावरचं मेण सोड्याच्या पाण्याने धुऊन काढलं होतं आणि आता त्या शेडचा डावीकडचा पडदा गुंडाळत होत्या. पूर्ण नाही, हातभर. पश्चिमेचं ऊन आत शिरलं आणि बरोबर त्या पाटाएवढ्या जागेवर पडलं. बाकीच्या होडीवर त्यांनी गोणपाट घट्ट बांधून टाकलं.

"मेण नाही त्याच्यावर! या उन्हात चामडी करपेल. भुकटी सुटेल पुन्हा!"

"सुटू दे," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि आत जाऊन पडून राहिले.

मी खिडकीतच उभी राहिले. सबंध चैत्र-वैशाख त्या बाईने जपून, मोजूनमापून तेवढ्या तुकड्याला ऊन दिलं. आयुष्यभर होडी उन्हापासून वाचवली आणि आता तिचा एक कोपरा उन्हाच्या हवाली केला, कारण तिथे एका माणसाचं काम अर्धं राहिलेलं असायला हवं होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला हेवा वाटला. जेवायला गेलेल्या माणसाची अशी वाट बघता येणं! माझा माणूस जेवून आतल्या खोलीत झोपला होता आणि मला त्याची वाट कशी बघावी, हे कळत नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर बेन पहिल्यांदाच आमचा जिना चढून वर आल्या. गुडघ्यावर हात दाबत, प्रत्येक पायरीला एक विरामचिन्ह. काखेत गाठोडं होतं. त्यांनी ते माझ्या पलंगावर सोडलं. आत धुतलेली, विरलेली, पांढरीशुभ्र धोतरं.

"शंभर टक्के सूत. जाळून बघायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं उरलंय ने थोडं? ते वरून लाव, हे आतून घाल. गोधडी शिव."

मी धोतरांवरून हात फिरवला. होडीला याहून मऊ कापड अख्ख्या सुरतेत मिळालं नसतं. "बेन, ही असताना तुम्ही होडी चिंध्यांनी का पुसत होता?"

"त्याची धोतरं? तिला?" त्या एकदम ताठ झाल्या. "जिवंतपणी सगळे रविवार तिला दिले त्याने. मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, तुझ्या बांगड्या लागतील. मी ओवाऱ्यावर बसायची घारी घेऊन. आता मेल्यावर त्याची धोतरं पण तिलाच देऊ? सवत आहे माझी ती, मूई."

"मग तिला एवढं जपता कशाला?"

त्या दारापर्यंत गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सवत मेली तर त्याच्याविषयी बोलायचं कोणाशी?"

त्या वर्षी चंदी पडव्याला मी ओवाऱ्यावर जाणार नव्हते. बेननीच खालून हाक मारली. "मास्तरण! चाल, उतर! डबा त्याच्याकडे दे."

पाण्यापाशी आजोबा सवयीने वल्ह्याकडे गेले. बेननी त्यांना दंडाला धरून दगडी पायरीवर बसवलं. "तू इथे. घारी सांभाळ."

"पण वल्हवणार कोण?"

"माझे हात काय गहाण पडलेत?"

मी बांगड्या उतरवायला लागले. त्यांनी माझा हात खाली केला. "असू दे, असू दे. बस."

आम्ही निघालो. बेन वल्हं मारायच्या ते मेण लावल्यासारखं, जोर न लावता. पाणी मातकट, वर चंद्र नुकता उगवलेला, काठावर गर्दी, पुलावर गर्दी, सगळ्यांची तोंडं हलतायत. मी पहिल्यांदाच त्या होडीला हात लावला. गार होती आणि बाळाच्या पाठीसारखी गुळगुळीत. डाव्या हाताशी तो तुकडा आला. तिथे बोट फिरवलं. बोटाला किंचित पांढरं लागलं.

"आलं परत," बेन म्हणाल्या. "थोडंसं. पुढच्या वर्षी पुरतं येईल." मग हनुवटीने काठाकडे खूण केली. "तिकडे बघ. तुझा एंजिनियर."

आजोबा पायरीवर बसले नव्हते. घारीचा डबा छातीशी धरून ते काठाकाठाने आमच्याबरोबर चालत होते. लोकांच्या चटया तुडवत, शिव्या खात, चंद्राकडे न बघता, नजर आमच्यावर. होडी पुढे गेली की पावलं भराभर टाकायचे, बेन थांबल्या की थांबायचे. माझ्या आतून काहीतरी उबदार वर आलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपल्यामागे असा धावतोय! मी पदर सावरला आणि होडीच्या काठावर हात टेकून त्यांना दुसरा हात केला.

ते जागच्या जागी थांबले. तोंडाशी हात धरून, सगळ्या ओवाऱ्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"बांगड्या! बांगड्या सांभाळ!"

बेनच्या हातातलं वल्हं थांबलं. त्या हसायला लागल्या. अंगभर हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, होडी डुलायला लागेपर्यंत. "तोच!" त्या म्हणाल्या. "अगदी तोच आवाज! तेच शब्द!"

मी हात काठावरून काढून मांडीवर घेतला. हसू मला येत नव्हतं. "बेन," मी विचारलं, "ते कोणामागे चालतायत? माझ्या की हिच्या?"

"मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मला पण ओवाऱ्यावर बसवायचं नाही, मी काठावर चालायची ने, तेव्हा मला ठाऊक होतं मी कोणामागे चालते. त्याने मागे वळून बघितलं तर त्याला काय वाटत होतं, ते कोणाला ठाऊक." त्यांनी डोळे पुसले आणि वल्हं पाण्यात टाकलं. "तू पण विचारू नको. पुरुष खोटं लगेच बोलतात, आणि खरं बोलायला फार वेळ लावतात."

पुढच्या पडव्याआधीच आम्ही पुण्याला परत आलो. निघताना बेननी आजोबांना मेणाचा डबा दिला. तो अजून आहे. मेण केव्हाच संपलं, तरी ते त्यात खिळे ठेवतात आणि मला हात लावू देत नाहीत. मला बेननी वेगळं काही दिलं नाही. माझी धोतरं मला आधीच मिळाली होती. तुम्ही दोघं थंडीत ज्या हिरव्या गोधडीवरून भांडता ती हीच. वरून तुमची पणजी आहे आणि आतून आपल्यापैकी कुणीच न पाहिलेला एक माणूस, ज्याचं एवढंसं काम राहिलं होतं.

मी बेनचं ऐकलं. इतकी वर्षं विचारलं नाही. आत्ताही हे लिहिताना खाली बघतेय. रविवार आहे. गाडी सावलीत आहे, मेण लावलेलं आहे आणि आजोबा हाताची घडी घालून धुकं धरायची वाट बघतायत. चहा झालाय म्हणून मी दोनदा हाक मारली. "वाळू दे," म्हणाले.

पण तुम्हाला विचारायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी फोनवर बोलाल तेव्हा सहज विचारा, की चंदी पडव्याच्या संध्याकाळी तुम्ही काठाकाठाने कुणामागे चालत होता. मी आत स्वयंपाकघरात असेन. ते काय म्हणाले ते मला मागाहून कळवा. आणि म्हणायला किती वेळ लावला, तेही.